वासवाल्या मॅडम

आमच्या मॅडम माणसाला नमस्कार करण्याआधी त्याच्या नाकाखाली काहीतरी धरायच्या. कधी चुरगाळलेलं पान, कधी लवंग, कधी चिमटीत धरलेली साल. "आधी वास घे, मग बोल," असं म्हणून त्या आपल्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहायच्या, जणू आता तिथेच निकाल लागणार आहे. यातून कुणालाही सूट नव्हती. एकदा कॉलेजच्या तपासणीला एक समिती आली होती. तिच्यातल्या सगळ्यात गंभीर गृहस्थांना मॅडमनी दारातच गवती चहाचं पातं हुंगायला लावलं. गृहस्थ गडबडले, हुंगले, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच हसले. विभागात सगळे त्यांना 'वासवाल्या मॅडम' म्हणत. त्यांनाही ते माहीत होतं. "म्हणेनात का," त्या म्हणायच्या, "भाजीवाल्याला भाजीवालाच म्हणतात."

पुण्यातल्या एका जुन्या कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. संशोधनाचा विषय एकच, झाडापानांतून निघणारी सुगंधी तेलं. त्या तेलांत काय काय भरलेलं असतं आणि त्यातलं कोण जंतूंना मारतं, हे शोधण्यात त्यांची सगळी हयात चालली होती. मी लोणी काळभोरची. एम.एस्सी. झाल्यावर त्यांच्याकडे पीएच.डी.च्या मुलाखतीला गेले, तेव्हा पुस्तकभर व्याख्या पाठ करून गेले होते. मॅडमनी त्यातली एकही विचारली नाही. टेबलावर तीन बाटल्या ठेवल्या आणि म्हणाल्या, "ओळख."

पहिली लवंग होती, दुसरी ओवा. तिसरीचा वास ओळखीचा होता, पण नाव काही सुचेना. मी घाबरत म्हणाले, "नाव माहीत नाही मॅडम. पण आमच्या विहिरीच्या कडेला हे उगवतं. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत."

मॅडम खुर्चीतून उठल्याच. "शेळ्या तोंड लावत नाहीत! अगं, हेच तर हवंय मला! झाडाला पळून जाता येत नाही. मग शेळीनं खाऊ नये, किडीनं पोखरू नये, बुरशीनं धरू नये म्हणून ते काय करणार? वास सोडणार. आपण ज्याला सुगंध म्हणतो ना, ती त्याची मारामारी असते."

शेजारी बसलेल्या दुसऱ्या प्राध्यापकांनी घसा खाकरला. "मॅडम, उमेदवाराला विषयाचं काही विचारायचंय का?"

"विचारलं की," मॅडम म्हणाल्या. "उत्तरही आलं."

त्यांना हा नाद कुठून लागला, ते आम्हाला वैशाख पौर्णिमेला कळलं. दरवर्षी त्या दिवशी त्या सगळ्या विद्यार्थ्यांना घरी खिरीला बोलवायच्या. समोर बुद्धमूर्ती, मेणबत्त्या, आणि बाजूला त्यांच्या आईचा फोटो. आई सरकारी दवाखान्यात आया होत्या. "आई दारात यायच्या आधी फिनाईलचा वास यायचा," मॅडमनी सांगितलं. "शाळेतल्या मुली नाकाला रुमाल लावायच्या. मला मात्र बरं वाटायचं, आई आली. पुढे कॉलेजात सरांनी फळ्यावर फिनाईलमधल्या फिनॉलचा षटकोन काढला. मग ओव्यातल्या थायमॉलचा काढला. तोच षटकोन गं! नुसत्या दोन फांद्या जास्त. मी बाकावरूनच ओरडले, सर, हे नातेवाईक आहेत! सरांनी वर्गाबाहेर काढलं. मी तशीच घरी धावत गेले आणि आईला म्हटलं, आई, तुझ्या बादलीत आणि आपल्या ओव्यात एकच कूळ आहे."

"मग आई काय म्हणाल्या?" कुणीतरी विचारलं.

"म्हणाली, मग उद्यापासून ओव्यानं फरशी पूस."

प्रयोगशाळेत आम्ही पाला पाण्यात उकळायचो आणि त्याची वाफ थंड करायचो. बारीक काचेच्या नळीत पाण्यावर तेलाचा पिवळसर थर तरंगायला लागायचा. टोपलीभर पाल्यातून जेमतेम चमचाभर तेल. पण तो पहिला थेंब दिसला की मॅडम हातातलं सगळं टाकून यायच्या. मग ते तेल गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये जायचं. हे यंत्र तेलातला एकेक घटक वेगळा करतं आणि कागदावर प्रत्येकाचं एकेक शिखर काढतं. कुणाचं उंच, कुणाचं टेकडीएवढं, कुणाचं नुसतं टेंगूळ. मी पहिल्यांदा ओव्याचा कागद दाखवला आणि म्हणाले, "मॅडम, यात थायमॉलच मोठं आहे. बाकीचं फेकून फक्त थायमॉल वापरू या का?" त्यांनी माझ्याकडे दयेनं बघितलं. "तेल म्हणजे एक माणूस नव्हे गं, अख्खं वऱ्हाड आहे. नवरदेव उंच दिसतो म्हणून बाकीच्यांना बसमधून उतरवायचं का? कोण कुणाला हात देतंय ते आधी बघ." मी शुद्ध थायमॉल आणि अख्खं तेल शेजारी शेजारी लावून बघितलं. त्या जंतूंवर तरी वऱ्हाड नवरदेवापेक्षा भारी ठरलं. मॅडमनी ती प्लेट हातात घेतली आणि "दिसलं का? दिसलं का?" करत सगळा मजला पालथा घातला.

त्यांच्या उत्साहाला एक कुंपण मात्र होतं, आणि ते त्या स्वतःच घालून घेत. मी तेव्हा सदाशिव पेठेत एका काकूंकडे खोली घेऊन राहत होते. काकूंचा कान दुखायला लागला. मी जंतू मारणारी तेलं बनवते एवढंच त्यांना माहीत, म्हणून त्यांनी माझ्याकडे दोन थेंब मागितले. मी हे सहज म्हणून मॅडमना सांगितलं, तर त्या पर्स उचलून थेट माझ्याबरोबर काकूंच्या दारात.

"कानात काही घालू नका. डॉक्टरांकडे जा," मॅडम म्हणाल्या. "काचेच्या प्लेटमध्ये जंतू मरणं आणि माणसाचा कान बरा होणं यात फार अंतर आहे. निव्वळ तेल घातलंत तर आतली कातडी भाजेल."

काकूंनी मॅडमना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अहो, मग एवढी वर्षं शिकून उपयोग काय?"

"एवढाच," मॅडम म्हणाल्या. "कानात काय घालायचं नाही ते कळतं."

काकूंना हे उत्तर इतकं आवडलं की त्यांनी मॅडमना चहाला बसवलं. पुण्यात हा मान सहजी मिळत नाही.

माझ्या आयुष्यातली मोठी घटना घडली ती एका फसलेल्या प्रयोगानं. फेलोशिप संपत आली होती, आणि घरून लग्नाचा लकडा सुरू झाला होता. माझा प्रयोग साधा होता. जंतू पसरलेल्या प्लेटवर ओव्याच्या तेलात भिजवलेली कागदाची चकती ठेवायची, दुसऱ्या दिवशी तिच्याभोवती जंतू मेल्याचं स्वच्छ वर्तुळ दिसतं, ते मोजायचं. सोबत तुलनेसाठी काही प्लेटा तेलाशिवाय ठेवायच्या. त्यांना आम्ही कंट्रोल म्हणतो. तिथे जंतू दाट उगवायला हवेत. त्या दिवशी जंतू वाढवायच्या उबदार कपाटात जागा नव्हती, म्हणून मी सगळ्या प्लेटा एकाच झाकणाच्या डब्यात रचून ठेवल्या. सकाळी डबा उघडला, तर कंट्रोलच्या प्लेटाही कोऱ्या. ज्यांना तेलाचा थेंबही लागला नव्हता, तिथेही काही उगवलं नव्हतं. कंट्रोलच बिघडला म्हणजे सगळंच बिघडलं. मी स्टुलावर बसले आणि मला रडू फुटलं.

मॅडम आल्या. त्यांनी एक प्लेट उजेडात धरली, मग दुसरी. मग रिकाम्या डब्यात अक्षरशः डोकं घातलं आणि जोरात श्वास घेतला.

"प्रियांका, रडतेस काय? वास घे!"

डब्यात ओवा ठासून भरला होता.

"झाकणाच्या फटीतून वाफ एका प्लेटमधून दुसरीत गेली," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढत चालला होता. "तेल लागलंच नाही त्यांना! नुसत्या वाफेनं मारलंय! अगं, हात न लावता मारलंय!"

"पण मॅडम, वाफेचं आधी कुणीतरी लिहिलं असेलच की."

"लिहिलंय. बरंच लिहिलंय. जगाला आधी कळलं, आपल्याला आज कळलं. त्यानं आनंद कमी होतो की काय? आणि असं वाटतंय म्हणून चालणार नाही. सिद्ध कर. कंट्रोल वेगळ्या खोलीत ठेव."

मी पुन्हा सगळं मांडलं. या वेळी तेलाची चकती प्लेटच्या झाकणाला आतून चिकटवली, जंतूंना लागणारच नाही अशी. कंट्रोल पार दुसऱ्या टोकाच्या खोलीत ठेवले. सकाळी कंट्रोलवर जंतूंची दाट साय, आणि झाकणाला तेल लावलेल्या प्लेटा स्वच्छ. मी आणि मॅडम त्या प्लेटा नाचवत असतानाच दारात माझे वडील उभे राहिले.

अण्णा लोणीहून बसने आले होते, पांढरी टोपी, धुतलेलं धोतर, हातात अंजिरांची पिशवी. "मॅडम, पोरीला न्यायला आलोय," ते उभ्या उभ्याच म्हणाले. "चांगलं स्थळ आलंय. पोरगा चाकणला कंपनीत हाय. लई शिकली, आता बास म्हणतो मी."

मॅडमनी त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली आणि हातात प्लेट दिली. "अण्णा, बसा. आधी हे बघा."

अण्णांनी प्लेट फिरवून फिरवून बघितली. "ह्यात तर काईच न्हाई."

"तेच तर! काहीच नाही!" मॅडम इतक्या आनंदानं म्हणाल्या की अण्णा चपापले. मग मॅडमनी त्यांना सगळं समजावलं. शेळ्या तोंड लावत नाहीत त्या झाडापासून डब्यातल्या ओव्यापर्यंत. अण्णा मान हलवत ऐकत होते. शेवटी त्यांनी पिशवीकडे बघितलं.

"म्हंजी वास नुसता कोंडून ठिवला तरी काम हुतंय?"

"जंतूंवर होतंय. बुरशीवर अजून बघितलं नाही. का हो?"

"आमची अंजिरं. खोक्यात भरली की बाजारात जाईस्तोवर पांढरी लोकर धरत्यात."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मी मॅडमकडे. "अण्णा, अंजिरं परत कधी आणता?"

"आणीन की. पर त्या स्थळाचं काय करायचं?"

"मुलगा थांबेल हो," मॅडम म्हणाल्या. "अंजीर थांबणार आहे का?"

अण्णा टोपी काढून, डोकं खाजवून, मोठ्यानं हसले. मी त्यांना घराबाहेर असं हसताना प्रथमच बघत होते. ते एकटेच लोणीला परत गेले.

पुढचा हंगाम म्हणजे नुसती धमाल होती. अण्णा टोपल्या आणायचे, आम्ही खोक्यात तेलाचे कागद ठेवून फळं बंद करायचो. पहिल्याच खेपेला बुरशीचं नाव नाही. मॅडमनी खोकं अण्णांसमोर धरलं, "खा!" अण्णांनी एक अंजीर तोंडात टाकलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "मॅडम, हे अंजीर हाय का पोटदुखीचा काढा?" अंजिराला ओव्याचा खमंग वास लागला होता. आम्ही हसून हसून बेजार झालो, पण मॅडमच्या डोक्यात लगेच दुसरं चक्र सुरू. बुरशीला कळेल पण जिभेला कळणार नाही, एवढंच तेल किती? हा माझ्या प्रबंधाचा शेवटचा भाग झाला. आम्ही तेल कमी करत गेलो, चाखत गेलो. काही खोकी साफ सडली. मॅडमनी सडलेलीही तितक्याच प्रेमानं लिहून ठेवायला लावली. शेवटी एक मात्रा सापडली, जिच्यात फळं नेहमीपेक्षा जास्त टिकली आणि अण्णांनी न कुरकुरता खाल्ली. सगळी नाही टिकली. "आपण बुरशीला उशीर करायला लावला, एवढंच म्हणायचं," मॅडमनी बजावलं. चाकणचं स्थळ मात्र थांबलं नाही. त्याचं दुःख मला झालं नाही, आणि माझी तोंडी परीक्षा शेवटच्या रांगेत बसून ऐकल्यावर अण्णांनाही राहिलं नाही.

मला लोणीजवळच्याच कॉलेजात नोकरी लागली. मग ती साथ आली आणि सगळं जग दारं लावून बसलं. मॅडमही आजारी पडल्या, बऱ्याही झाल्या. त्यानंतर काही दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज अगदी सपाट होता.

"प्रियांका, ओवा गेला."

"म्हणजे?"

"डबा उघडला, नाकाशी धरला. काहीच नाही. लवंग नाही, कॉफी नाही, काही नाही."

गायकाचा गळा जावा, तसं झालं होतं. डॉक्टरांनी त्यांना नाकाचा व्यायाम सांगितला होता. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी असे चार वास सकाळ-संध्याकाळ, मन लावून घ्यायचे. मॅडम फोनवर म्हणाल्या, "बाजारातली तेलं भेसळीची असतात. तू काढून दे. आणि यंत्रातून तपासून दे." मी चार बाटल्या भरल्या, शिखरांच्या कागदांसकट त्यांच्या दारात ठेवल्या.

महिन्यांमागून महिने मॅडम त्या बाटल्यांसमोर बसत होत्या. मी जायचे तेव्हा त्या हसऱ्याच असायच्या, पण एकदा मध्येच म्हणाल्या, "परवा फिनाईलची बाटली आणली गं. झाकण काढलं. नुसतं डोळ्यांत पाणी आलं."

एकदा निलगिरी हुंगताना त्या दचकल्या. मी टाळ्याच वाजवल्या, "आला! मॅडम, वास आला!" त्यांनी हात वर केला. "नाही. हा गारवा आहे, वास नव्हे. तो वेगळ्या नसेनं कळतो. आपल्याला आनंद झाला म्हणून निकाल बदलायचा नाही." पुढे लवंगेतून त्यांना काहीतरी यायला लागलं, पण ते जळक्या रबरासारखं. दुसऱ्या कुणी बाटली भिंतीवर फेकली असती. मॅडमचा मला फोन, आवाज पूर्वीसारखा चढलेला. "अगं, गंमत ऐक! बाटलीत रेणू तोच आहे, तूच तपासलायस. माझ्या डोक्यात मात्र तो भलताच वेष घालून येतोय! म्हणजे वास बाटलीत नसतोच गं, अर्धा तर आपण बनवतो! चाळीस वर्षं मी फक्त अर्धाच अभ्यास केला!"

त्या निवृत्त होईपर्यंत नाक काही सुधारलं नाही. निरोपाच्या समारंभाला त्यांनी भाषणाऐवजी सगळ्यांना एकेक पान वाटलं आणि प्रत्येकाला, "कसा येतोय ते सांग," म्हणाल्या. लोक म्हणाले, "छान." मॅडमचा चेहरा पडला. "छान म्हणजे काय?" त्या मला कानात म्हणाल्या. "तुला सांगता येतं का बघ." त्या दिवसापासून मी वासाला शब्द शोधायला शिकले. आता मी माझ्या विद्यार्थ्यांनाही 'छान' म्हणू देत नाही.

गेल्या महिन्यात मॅडमनी मला कसबा पेठेत बोलावलं. तिथे एका गल्लीत काष्ठौषधींचं लहानसं दुकान आहे, सालीमुळ्यांच्या पोत्यांनी दारापर्यंत भरलेलं. मॅडमनी माझं कोपर धरलं आणि पहिल्या पोत्यासमोर उभं केलं. "सांग."

मी वाकले. "वरून कापरासारखं गार. खाली सुंठ. आणि शेवटी पावडरीच्या डब्यासारखं काहीतरी गोडसर."

मॅडमनी डोळे मिटले होते. "कपूरकाचरी."

पाटीवर तेच लिहिलं होतं. मी पुढच्या पोत्याकडे वळले. दुकानदारांनी चष्मा कपाळावर चढवला.

"अहो ताई, घ्यायचंय काही, का नुसतंच हुंगायचंय? हुंगण्याचे पैसे आम्ही अजून लावलेले नाहीत, पण विचार चालू आहे."

"हुंगणार ती," मॅडम डोळे न उघडता म्हणाल्या. "मी ऐकणार. तुम्ही पाट्या झाका."

दुकानदारांनी क्षणभर विचार केला आणि खरंच पाट्या उलट्या केल्या. मी सांगत गेले, मॅडम ओळखत गेल्या. नागरमोथा, वाळा, वेखंड. दालचिनीला त्या चुकल्या आणि "तू नीट सांगितलं नाहीस," म्हणून मलाच रागावल्या. दुकानातली दोन गिऱ्हाइकं खरेदी विसरून बघत राहिली. शेवटी दुकानदार आतून एक कागदाची पुडी घेऊन आले. "आता हे सांगा बघू."

मी हुंगलं. पुन्हा हुंगलं. काळपट, सुरकुतलेल्या बारीक मुळ्या होत्या.

"मॅडम, मला सांगता येत नाही."

"कशासारखं आहे?"

"कशासारखंच नाही."

मॅडमचे डोळे उघडले. त्या दुकानदारांकडे वळल्या. "काय आहे हे?"

"मलाही माहीत नाही हो. कोकणातल्या मालात चुकून आलंय. टाकूनच देणार होतो."

"खबरदार!" मॅडम म्हणाल्या. "आहे तेवढं सगळं बांधा."

ती पुडी त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि मी पैसे देईपर्यंत पायरी उतरून गल्लीत पोचल्यासुद्धा. समोरून रिक्षा येत होती. त्यांनी हात केला.

"लोणी काळभोर," त्या रिक्षावाल्याला म्हणाल्या आणि मला आत ओढलं. "तुझी प्रयोगशाळा उघडी असेल ना गं आत्ता?"

"असेल मॅडम. पण एवढ्या लांब, रिक्षानं?"

"मग काय, चालत?" त्या सरकून बसल्या. "चला हो दादा. पाणी उकळायलाच तासभर जातो."